आश्रयाचे मोल

बलाढ्य राष्ट्राने आपल्या दुर्बळ शेजाऱ्याशी कसे वागावे, आणि दुर्बळाने बलाढ्याच्या आश्रयास जावे किंवा न जावे, हा प्रश्न फार प्राचीन आहे. पुष्कळांस असे वाटते की, हा विचार राजे, मंत्री व वकील यांचा होय. खेड्यात नांगर धरणाऱ्याचा त्याशी काय संबंध? परंतु जालना जिल्ह्यातील वाचकांस तरी असे म्हणता येणार नाही. ज्या भूमीत ते ज्वारी व कापूस पेरितात त्याच भूमीवर ह्या प्रश्नाचा एक मोठा निकाल लागला, आणि तो निकाल लावताना त्यांच्या पूर्वजांस कोणी एका शब्दानेही विचारले नाही. म्हणून ह्या विषयाचा थोडा शांतपणे विचार करू या.

भोकरदन व जाफराबाद यांच्या बाजूस, केळणा व जुई ह्या दोन लहान नद्यांच्या मध्ये, असई नावाचे गाव आहे. सन 1803 च्या सप्टेंबर महिन्याच्या 23 व्या तारखेस ईस्ट इंडिया कंपनीची फौज आर्थर वेलस्ली याच्या हाताखाली तेथे आली व दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजांशी भिडली. नदीस उतार कोठे आहे हे वेलस्लीस ठाऊक नव्हते. वाटाडे तर उतार नाहीच म्हणत होते. परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे त्याच्या दृष्टीस पडली, आणि त्याने असे अनुमान बांधिले की, जेथे दोन गावे इतकी जवळ आहेत तेथे माणसांची ये-जा असलीच पाहिजे. ते अनुमान खरे ठरले, व त्याच उताराने त्याने सैन्य पार नेले. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरी जाण्यासाठी पाडलेली वाट अशा रीतीने तोफांची वाट झाली.

सायंकाळपर्यंत कंपनीकडील मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून दीड हजारांहून अधिक माणसे कामास आली. मराठ्यांकडील सुमारे बाराशे प्रेते रणात पडली होती, असे विजेत्यांनीच लिहून ठेविले आहे. कंपनीच्या सैन्यात स्कॉटलंडचे शिपाई होते, परंतु मोठा भाग मद्रास इलाख्यातील हिंदी शिपायांचा होता. शिंद्यांचे कवायती पायदळ बहुतेक उत्तर हिंदुस्थानातील, आणि त्याचा सरदार पोलमन हा जर्मनीतील हानोव्हर प्रांताचा. ज्यांनी त्या दिवशी प्राण दिले त्यांपैकी किती जणांस तंट्याचे मूळ सांगता आले असते?

ते मूळ असईत नव्हते, पुण्यात होते. आणि त्याआधीचे खर्ड्यास होते. सन 1795 च्या मार्च महिन्यात मराठ्यांनी खर्ड्याच्या लढाईत निजामाचा पराभव करून त्याजकडून मुलूख व पैसा यांचे वचन घेतले. निजाम अलीने कंपनीकडे मदत मागितली होती, परंतु त्या वेळचा गव्हर्नर जनरल सर जॉन शोर तटस्थ राहिला. निजामाच्या मनात शेजाऱ्याचे भय मात्र कायमचे बसले. तीन वर्षांनी मार्क्विस वेलस्ली हा गव्हर्नर जनरल झाला, व त्याने त्या भयाचा उपयोग केला. 1798 सालच्या तहाने निजामाने आपल्या पदरची फ्रेंचांच्या हाताखालची फौज मोडिली, कंपनीच्या सहा पलटणी ठेवून घेतल्या, व त्यांच्या खर्चास दरसाल 24 लाखांहून अधिक रुपये देण्याचे कबूल केले. सुमारे दोन वर्षांनी रोख रकमेऐवजी मुलूख तोडून द्यावा असे ठरले, आणि म्हैसूरच्या दोन युद्धांत निजामाच्या वाट्यास आलेला प्रदेश कंपनीकडे गेला. हीच ती तैनाती फौज.

मराठ्यांनी हे सर्व डोळ्यांनी पाहिले. परंतु त्यांनी बोध घेतला नाही. 1800 साली नाना फडणीस वारले. 1801 साली दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकर यास पुण्यात हत्तीच्या पायी देऊन मारिले. 1802 च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकराने हडपसराजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजा मोडिल्या, आणि बाजीराव पळून वसईस गेला. तेथे त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबर रोजी, त्याने कंपनीशी तह केला. सहा पलटणी कायमच्या ठेवून घ्याव्या, त्यांच्यासाठी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यावा, आणि कंपनीस विचारल्यावाचून कोणत्याही दरबाराशी बोलणे करू नये, अशी त्यातील मुख्य कलमे होती. घरातल्या भांडणात विजय मिळावा म्हणून त्याने घराची किल्लीच दुसऱ्याच्या हाती दिली. शिंदे व भोसले यांस तो तह मान्य झाला नाही. त्यातून युद्ध, आणि युद्धातून असई. होळकर त्या वेळी बाजूस राहिला, व पुढल्या वर्षी त्यास एकट्याने लढावे लागले.

आता त्या युद्धाचे फळ पाहा. जालन्याचा किल्ला कंपनीच्या कर्नल स्टीव्हन्सनने 2 सप्टेंबर रोजीच घेतला होता. डिसेंबरात दोन तह झाले. देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत कंपनीस दिला व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडिले. ते निजामास मिळाले. सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख सोडिला. त्यात जालना व गंगापूर ही होती, आणि तोही निजामाच्या वाट्यास आला. म्हणजे जालन्याचा शेतकरी श्रावणात शिंद्यांची रयत होता, तो माघात निजामाची रयत झाला. त्याने कोणाशी वैर केले नव्हते, कोणाशी मैत्रीही केली नव्हती. त्याच साली पाऊस ओढला. आधीच लुटारू टोळ्यांनी व फौजांनी दाणावैरण नेली होती, आणि 1803-04 चा भयंकर दुष्काळ दख्खनेत पडला. तहाच्या कागदात ह्या गोष्टीस कलम नव्हते.

कोणी म्हणेल की, निजामास तर लाभ झाला. बलाढ्याशी मैत्री केल्याने त्याचे राज्य वाढले. ही गोष्ट पन्नास वर्षे पुढे नेऊन पाहिली पाहिजे. 1800 च्या तहाप्रमाणे युद्ध पडल्यास निजामाने सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ मदतीस द्यावयाचे होते. हळूहळू ती फौज शांततेच्या काळीही उभी ठेवण्यात आली. तिचे अधिकारी इंग्रज, तिच्यावर हुकूम रेसिडेंटाचा, आणि पगार मात्र निजामाचा. तिलाच पुढे कंटिंजंट म्हणू लागले, आणि तिच्या छावण्यांपैकी एक जालन्यास होती. पगारासाठी दरबाराने सावकारी पेढ्यांकडून जबर व्याजाने कर्ज काढिले. शेवटी कंपनीच सावकार झाली. सन 1853 मध्ये लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत नवा तह झाला, आणि कर्ज व फौजेचा खर्च यांसाठी वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव हे प्रांत कंपनीच्या ताब्यात गेले. रायचूर व धाराशिव 1860 साली परत मिळाले; वऱ्हाड मिळाले नाही. 1902 साली लॉर्ड कर्झनने ते दरसाल 25 लाख रुपयांच्या भाड्याने कायमचे घेतले. मीर उस्मान अली खान यांनी ते परत मागितले तेव्हा 1926 च्या मार्च महिन्यात लॉर्ड रीडिंग याने लेखी उत्तर दिले. त्याचा मथितार्थ असा की, इंग्रजांची अधिसत्ता केवळ तहांवर अवलंबून नाही, आणि कोणत्याही संस्थानिकास त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद करिता येत नाही. 1803 साली जे बक्षीस म्हणून हातात ठेविले ते 1853 साली कर्जात काढून घेतले, आणि ज्या तहाच्या आधाराने मैत्री सुरू झाली तो तहही सव्वाशे वर्षांनी पुरेसा आधार राहिला नाही.

ह्या सर्व व्यवहारात एक क्रम दिसतो. प्रथम भय, मग भयाच्या निवारणासाठी फौज, मग फौजेचा खर्च, मग खर्चासाठी कर्ज, मग कर्जासाठी जमीन. प्रत्येक पायरीवर दस्तऐवज होता व सही होती. कोठेही उघड दरोडा पडला नाही. म्हणूनच हा नीतीचा प्रश्न अवघड होतो. जेथे चोरी आहे तेथे निर्णय सोपा असतो. परंतु जेथे सर्व काही कबुलायतीने झाले तेथे अन्याय कोठे आहे?

ह्यावर तीन आक्षेप घेतले जातात, व त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, प्रत्येक राज्याने आपले हित पाहावे हे त्याचे कर्तव्यच आहे. मग बलाढ्यास दोष का द्यावा? हे अंशतः खरे आहे. आपल्या लोकांचे रक्षण करणे, व्यापार वाढविणे, सीमेवर शत्रू येऊ न देणे, ह्यांत पाप नाही. परंतु स्वहित पाहणे निराळे आणि दुसऱ्याची अडचण हे आपले भांडवल करणे निराळे. विहिरीत पडलेल्या मनुष्यास दोर देणारा त्याजकडून दोराची किंमत घेईल तर एक वेळ क्षम्य आहे. परंतु तो दोराच्या दुसऱ्या टोकाशी खरेदीखत बांधून सोडील, तर त्या मनुष्याने केलेल्या सहीस आपण संमती म्हणत नाही. ज्यास नाही म्हणण्याची सोय नव्हती त्याच्या होकारास नीतीच्या दरबारात फारसे वजन नाही.

दुसरा आक्षेप असा की, त्या सत्तेच्या योगाने लुटालूट थांबली, रस्ते झाले, पुढे आगगाडी आली, शाळा व दवाखाने निघाले. हेही खरे आहे, व उपकार नाकारणे हा आमचा हेतू नाही. परंतु शेजाऱ्याचे शेत बळकावणाऱ्याने त्यात उत्तम विहीर खणली म्हणून शेत त्याचे होत नाही. चांगल्या परिणामाबद्दल आभार मानावे आणि वाईट मार्गाला वाईटच म्हणावे, ह्या दोन गोष्टी एकाच अंतःकरणात राहू शकतात.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचणारा आहे, आणि तो आपणां मराठी लोकांवरच येतो. मराठे जेव्हा बलाढ्य होते तेव्हा त्यांनी काय केले? चौथाई ही काय वस्तू होती? परक्या मुलखाने उत्पन्नाचा चौथा हिस्सा द्यावा, म्हणजे त्यास उपद्रव होणार नाही, हाच तिचा व्यवहार. 1741 पासून 1751 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगाल्यात इतकी धामधूम केली की, तेथील लोक त्यांस बर्गी म्हणत, आणि त्या नावाने मुलांस भिवविण्याची चाल बंगाली घरांत अजून आठविली जाते. जे कटक 1803 साली भोसल्यांच्या हातून गेले ते त्याच स्वाऱ्यांत मिळविलेले होते. तेव्हा असईचे दुःख सांगताना बंगालचे दुःख विसरणे हा न्याय नव्हे. अन्याय करणाऱ्याची जात पाहून त्यास अन्याय म्हणावे किंवा पराक्रम म्हणावे, अशी दोन मापे ज्याच्या घरी आहेत तो व्यापारी खोटा.

आपल्या वाचकांस यहूदाचा राजा आहाज याची हकीकत परिचित आहे. अराम व इस्राएल ह्या दोन शेजाऱ्यांनी त्यास वेढिले, तेव्हा त्याने मंदिरातील व राजवाड्यातील सोनेरुपे काढून अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर यास पाठविले व आपण त्याचा दास म्हणविले. यशयाने त्यास धीर धरण्यास सांगितले होते. परंतु भ्यालेल्या मनुष्यास जवळचे दोन शत्रू मोठे दिसतात आणि दूरचा धनी लहान दिसतो. अश्शूरने त्या दोघांचा नाश केला खरा. परंतु आहाजाच्या मुलाच्या राज्यात तेच अश्शूरी सैन्य यरुशलेमेच्या भिंतीशी येऊन उभे राहिले. वसईचा तह करणाऱ्या बाजीरावाची गोष्ट ह्याहून फारशी निराळी नाही. 1803 च्या मे महिन्यात त्यास गादीवर बसविणाऱ्यांनीच 1818 साली त्यास गादीवरून उतरवून ब्रह्मावर्तास पाठविले.

ह्यावरून लहानाने मोठ्याशी स्नेह करूच नये असा अर्थ काढणे चुकीचे होईल. एकट्याने राहणे प्रत्येकास शक्य नसते, आणि जगात खरे साह्यही असते. म्हणून खरे साह्य कोणते हे ओळखण्याची साधने आपणांपाशी असावी. आमच्या मते तीन प्रश्न विचारावे. पहिला, लहानास नाही म्हणता येते काय? दुसरा, हिशेब कोण ठेवितो, आणि तो दोघांस पाहता येतो काय? तिसरा, ‘आता आपण जावे’ असे लहानाने म्हटले तर मोठा जातो काय? वसईचा तह पहिल्या प्रश्नास उतरत नाही; कंटिंजंटचा पगार दुसऱ्यास उतरत नाही; वऱ्हाड तिसऱ्यास उतरत नाही.

हे प्रश्न जुन्या काळापुरते नाहीत. श्रीलंकेने हंबनटोटा येथील बंदर 2017 साली एका चिनी कंपनीस 99 वर्षांच्या भाड्याने दिले. ते वाचून वऱ्हाडच्या भाड्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, श्रीलंकेचे पुष्कळ कर्ज इतर सावकारांचे होते आणि ते काढणारे तिचेच राज्यकर्ते होते. 2022 च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हा तर तहाचा पडदाही मध्ये राहिला नाही. युक्रेनने अण्वस्त्रे सोडिली त्या वेळी, म्हणजे 1994 साली, त्याच्या सीमांचा मान राखण्याचे जे लेखी वचन देण्यात आले त्यावर रशियाचीही सही होती.

परंतु दुसऱ्यांचे दोष मोजणे सोपे आहे. आपणांसाठी खरा प्रश्न हा आहे की, असईच्या वेळी जे लहान होते त्यांचे वंशज आज एका मोठ्या राष्ट्राचे नागरिक आहेत. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव ह्या आपल्या शेजाऱ्यांच्या दृष्टीने आपण काय आहो? 1987 च्या करारानंतर आपली फौज श्रीलंकेत शांतता राखण्यास गेली, व तेथे युद्धात गुंतली. अकराशेंहून अधिक हिंदी सैनिक तेथे पडले, आणि तेथील निरपराधी लोकही मेले. तेथील सरकारने परत जाण्यास सांगितले तेव्हा, 1990 च्या मार्चपर्यंत, ती परत आली. जाण्यातील शहाणपणाबद्दल मतभेद असो. परत येणे मात्र योग्यच झाले. कंटिंजंटास तसे कोणी सांगू शकले नव्हते.

ह्याहून आनंदाची उदाहरणेही आहेत. 1949 च्या तहाने भूतानाने परराष्ट्रव्यवहारात हिंदुस्थानाच्या सल्ल्याने चालावे असे ठरले होते. हे कलम वसईच्या कलमाचेच सौम्य भावंड होते. 2007 साली तो तह नव्याने करण्यात आला व ते कलम गाळण्यात आले. मोठ्याने आपण होऊन हातातील दोरी सैल करावी, असे इतिहासात फार वेळा घडत नाही. तसेच 2015 साली बांगलादेशाशी सीमेचा करार पुरा झाला. एकमेकांच्या मुलखात अडकलेली हिंदुस्थानची 111 व बांगलादेशाची 51 छिटमहाले 31 जुलैच्या मध्यरात्री बदलण्यात आली. त्यात हिंदुस्थानाकडून गेलेली जमीन आलेल्या जमिनीहून अधिक होती. आणि विशेष हे की, कोणत्या देशाचे नागरिक व्हावे हे तेथील रहिवाशांस विचारण्यात आले. 1803 साली जालन्याच्या शेतकऱ्यास जे कोणी विचारले नाही ते 2015 साली कुचबिहारकडील शेतकऱ्यास विचारले गेले. मनुष्यजातीची नीती पुढे सरकते की नाही असे ज्यास वाटत असेल त्याने ह्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवाव्या.

ह्यातून आपल्या गावासाठीही काही निघते. राष्ट्रांचा स्वभाव म्हणजे शेवटी माणसांचाच स्वभाव होय. दोन भावांचा बांधाचा तंटा असतो. एकजण गावातील बलवान मनुष्याकडे जातो. तो कोर्टाचा खर्च देतो, साक्षीदार मिळवितो, मध्येच थोडे कर्ज देतो. खटला संपतो तेव्हा दोन्ही भावांचे शेत त्याच्या नावे असते. खर्डे, वसई, असई व वऱ्हाड ही चारही ह्या एका बांधावर सापडतात. म्हणून भावाशी तंटा असेल तर आधी भावाच्या ओट्यावर जावे. भावाचा कठोर शब्द परक्याच्या गोड कर्जाहून बहुधा स्वस्त पडतो. आणि ज्यास गावात चार लोक बलवान म्हणतात त्याने दुर्बळाच्या साह्यास जाताना आपल्या मनास विचारावे: तो नाही म्हणाला तर मला राग येईल काय? माझा हिशेब मी त्यास दाखवीन काय? काम झाल्यावर मी घरी परत जाईन काय?

ह्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्यास मोकळेपणाने देता येतात त्याचे साह्य दुर्बळाने निःशंकपणे घ्यावे. ज्यास ती देता येत नाहीत त्याने, तो मनुष्य असो की राष्ट्र असो, आपल्या कृत्यास मैत्री हे नाव देऊ नये.